खाण्यात बदल, कधीपासून

योगिनी आइंडहोवनच्या एका हॉस्पिटलात अनोळखी माणसांच्या नोंदी वाचायचं काम करत होती. इथे प्रत्येकाचा एक हाउसआर्ट्स असतो, म्हणजे घराजवळचा नेहमीचा डॉक्टर. तो प्रत्येक भेटीनंतर दोन-चार ओळी लिहून ठेवतो. नाव-पत्ता काढून टाकलेल्या अशा वीस-वीस वर्षांच्या ओळी योगिनीच्या स्क्रीनवर येत. त्यातली खाण्यापिण्याबद्दलची प्रत्येक ओळ तिनं शोधायची आणि शेजारच्या रकान्यात लिहायचं, काय बदललं आणि कधीपासून. वजन उतरलं. जेवायचं विसरतात. मांस सोडलं. गोड वाढलं. पुढे ज्यांना डिमेन्शिया झाला, त्यांच्या खाण्यात त्याआधी किती वर्षं फरक पडत गेला होता हे त्या विभागाला जाणून घ्यायचं होतं. ते कळलं तर असा माणूस डॉक्टरकडे आल्याआल्या ओळखता येईल, त्याचा आहार वेळेत सांभाळता येईल, मेंदू निदान थोडा काळ जास्त साथ देईल, अशी सगळ्यांना आशा होती.

तिला हे काम जमायचं. नाशिकला तिनं आहारशास्त्राची पदवी घेतली होती. लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसावर आइंडहोवनजवळच्या बेस्ट या गावी आली त्याला आता बावीस वर्षं झाली. पहिली सात वर्षं घरातच गेली. मग डच शिकून ती हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात ट्रे लावायला लागली, मग पेशंटना पथ्य समजावून सांगायला, आणि आता इथे. शेजारच्या टेबलावरची मार्लूस म्हणायची, "मी नुसती वाक्यं वाचते. तुला तो माणूस जेवताना दिसतो."

स्वतःच्या घरातला माणूस जेवताना पाहणं मात्र योगिनीनं बंद केलं होतं.

हेमचंद्र पंचावन्न वर्षांचा होता. चिप बनवायच्या मशीनचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका लहान कंपनीत इंजिनियर. तरुणपणी खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ. चहात साखर नको, कारल्याची भाजी आठवड्यातून एकदा हवीच, श्रीखंड वाढलं तर चमच्याच्या टोकावर घेऊन वाटी बाजूला. लग्नात करवल्यांनी त्याला जिलबी खायला लावायचा चंगच बांधला होता, आणि त्यानं हसत हसत शेवटपर्यंत एक तुकडाही तोंडात घातला नव्हता.

तोच हेमचंद्र आता संध्याकाळी सहा वाजता स्वयंपाकघरात येऊन उभा राहायचा. रोज दहीभात, त्यावर साखर. पोळी-भाजी केली तर ताट तसंच सरकवायचा आणि पुन्हा म्हणायचा, "दहीभात." त्यानंतर फ्ला, म्हणजे इथलं पातळ कस्टर्ड, अख्खा पुडा, सिंकपाशी उभ्यानं. जेवताना मान वर करायचा नाही. तिच्या कामाबद्दल, टिलबर्गला युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या भार्गवीबद्दल, कशाबद्दलही विचारायचा नाही. सुरुवातीला योगिनी भांडली. नंतर भांडणंही एकतर्फी व्हायला लागली, तेव्हा तिनं ती सोडून दिली.

गेल्या वर्षी मार्चमध्ये तिची आई गेली. नाशिकहून भावाचा, अभिजितचा फोन आला तेव्हा ती जिन्यात होती. तिथेच पायरीवर बसून राहिली. हेमचंद्र वरून खाली आला, तिच्या बाजूनं वाट काढून पुढे गेला आणि मग वळून म्हणाला,

"आज जेवायला काय आहे?"

"हेमचंद्र, आई गेली."

"हो, फोनवर बोललीस ते ऐकलं. मग दहीभात करणार नाहीस का?"

ती एकटीच नाशिकला गेली. परत येताना विमानात तिनं मनाशी ठरवलं की भार्गवीचं दुसरं वर्ष पार पडलं की आपण या माणसाबरोबर राहायचं नाही. हे तिनं फक्त कीर्तीला सांगितलं. कीर्ती तिची इथली सगळ्यात जुनी मैत्रीण. दोघी एकाच वर्षी, एकाच प्रकारच्या व्हिसावर आलेल्या. कीर्ती आता लांब, उइटहॉर्न नावाच्या गावी राहायची, घरून हिशेबतपासनिसाचं काम करायची. तिच्या घराच्या वरच्या मजल्यावरची खोली मुलगा शिकायला बाहेर गेल्यापासून रिकामी होती. "नोव्हेंबरच्या एक तारखेला ये," कीर्ती म्हणाली. "नोकरीचं तिथे आल्यावर बघू. आधी श्वास घे." योगिनीनं हो म्हटलं. हेमचंद्रला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं तरी तो काय विचारेल ते तिला माहीत होतं.

सप्टेंबरच्या एका मंगळवारी तिच्या स्क्रीनवर एका पुरुषाच्या नोंदी आल्या. वय एकावन्नपासून पुढे. ती नेहमीसारखी वाचत गेली.

पत्नी सोबत. म्हणते, यांना पूर्वी गोड आवडत नसे, आता रोज बिस्किटांचा डबा संपवतात. सल्ला, चालणं वाढवावं.

आठ महिन्यांनी. पत्नी म्हणते, रोज ठरल्या वेळी एकच पदार्थ मागतात, दुसरं दिलं तर खात नाहीत. कामाचा ताण असावा.

पुढच्या वर्षी. पत्नी एकटी आली. बहिणीच्या अंत्यविधीला पतीनं तीनदा केक मागून घेतला, कुणाचं सांत्वन केलं नाही. पत्नीला फार लाज वाटली. विवाह-समुपदेशकाचा पत्ता दिला.

त्यानंतर चार महिन्यांनी एकच शब्द होता. विभक्त.

मग अडीच वर्षं काही नाही. मग शेजाऱ्यांनी आणलं. घरात फक्त साखर आणि पाव सापडला. स्वच्छता नाही. हॉस्पिटलात पाठवलं. आणि शेवटी हॉस्पिटलचं पत्र. मेंदूच्या पुढच्या भागाचा डिमेन्शिया. या आजारात आठवण बरीच उशिरा जाते, आधी माणसाचं वागणं बदलतं. माया आटते, लाज जाते, गोडाची भूक सुटते, रोज तेच ते लागतं.

हे सगळं योगिनीला ठाऊक होतं. अशी पंधरा-वीस तरी माणसं तिनं या वर्षात नोंदवली असतील. तिनं रकाना भरला. काय बदललं: गोड वाढलं, एकच पदार्थ. कधीपासून: पहिल्या भेटीची तारीख. मग पुढची फाइल उघडायच्या ऐवजी ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"बरं नाही का?" मार्लूसनं विचारलं.

"जेवले नाहीये," योगिनी म्हणाली आणि उठून बाहेर गेली. कॉरिडॉरच्या खिडकीशी उभं राहून तिनं आठवायचा प्रयत्न केला की त्या बाईच्या जागी ती असती तर तिनं काय केलं असतं. मग लक्षात आलं की ती त्याच जागी होती. एक नोव्हेंबरला सहा आठवडे उरले होते.

त्या दिवसापासून तिनं एका वहीत लिहायला सुरुवात केली. हेमचंद्र काय खातो, किती, किती वाजता, कसं. ऑफिसातल्यासारखंच, भावना न घालता. दोन आठवडे लिहायचं, मग डॉक्टरकडे जायचं, असं ठरवलं. वही मसाल्याच्या डब्यामागे ठेवली होती. तो तिकडे कधी हात घालत नसे. पण बाराव्या दिवशी, शनिवारी सकाळी, ती बाजार करून आली तेव्हा हेमचंद्र टेबलाशी बसून तीच वही वाचत होता. साखर शोधताना सापडली असणार, कारण साखर तिनं जागेवरून हलवली होती.

योगिनी पिशव्या हातात घेऊन दारातच थांबली. काय काय बोलायचं ते तिनं एका क्षणात जुळवलं. मला तुझी काळजी वाटते. मी तुझ्यावर पाळत नव्हते ठेवत. तू चिडणार हे मला माहीत होतं. त्यानं चिडावं असं तिला किती तीव्रपणे वाटत होतं, हे तिला त्या दारात उभी असतानाच कळलं. वही भिरकावून दे, पुण्याच्या तुझ्या घरी एकदा चिडला होतास तसा चीड, म्हण की मी काय तुझा पेशंट आहे का.

हेमचंद्रनं पान उलटलं आणि स्ट्रूपवाफलच्या, म्हणजे पाक भरलेल्या इथल्या बिस्किटांच्या, ओळीवर बोट ठेवलं.

"मंगळवारी तू दोन लिहिलंयस," तो म्हणाला. "स्ट्रूपवाफल दोन नाही, पाच खाल्ले. तीन मी गाडीत खाल्ले."

"तुला राग नाही आला?"

"कशाचा?"

"मी हे सगळं लिहून ठेवलं त्याचा."

त्यानं विचार केल्यासारखं केलं. "आकडा बरोबर असायला हवा," तो म्हणाला. खिशातलं पेन काढलं, दोनवर काट मारली, वर नीट पाच लिहिलं आणि वही तिच्याकडे सरकवली. "साखर कुठे ठेवलीस?"

योगिनीनं पिशव्या खाली ठेवल्या आणि त्याला साखर काढून दिली. तिला आता शंका उरली नव्हती.

हाउसआर्ट्सकडे दहा मिनिटांची वेळ मिळाली. डॉक्टर तरुण होता, वागायला चांगला. त्यानं हेमचंद्रचा रक्तदाब घेतला, साखर तपासायला रक्त द्यायला सांगितलं, आज वार कोणता, महिना कोणता असं विचारलं. हेमचंद्रनं सगळी उत्तरं बरोबर दिली. शंभरातून सात सात वजा करत तो डॉक्टरपेक्षा भराभर खाली आला.

"स्मरण उत्तम आहे," डॉक्टर म्हणाला. "कंपनीत सध्या बरीच माणसं कमी करताहेत ना? मला हे थकव्यासारखं वाटतं. शिवाय, माफ करा, पण घरी तुमच्या दोघांत सगळं ठीक आहे?"

"ठीक नाही," योगिनी डचमध्ये म्हणाली. "मी त्यांना सोडून जाणार होते. ते का ठीक नाही, हेच विचारायला आले आहे."

हेमचंद्र भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघत होता. बायको सोडून जाणार होती, हे तो पहिल्यांदाच ऐकत होता. त्यानं मान वळवली नाही.

"पाहिलंत?" योगिनी म्हणाली. "मी काय सांगते ते कृपया माझ्याच शब्दांत लिहा. थकवा असं लिहू नका. लिहा, पत्नी म्हणते, आयुष्यभर गोड न खाणारा माणूस आता रोज फ्लाचा पुडा संपवतो. रोज सहाला एकच पदार्थ. सासू वारल्याचं कळल्यावर जेवण मागितलं. आणि आता मी जे बोलले ते ऐकून त्यांनी काय केलं, तेही लिहा."

डॉक्टरनं तिच्याकडे पाहिलं, मग हेमचंद्रकडे पाहिलं आणि टाइप करायला लागला. बराच वेळ करत होता. बाहेर पुढचा पेशंट खोकत होता. निघताना त्यानं टिलबर्गच्या हॉस्पिटलासाठी चिठ्ठी दिली. आइंडहोवनला नको, असं तीच म्हणाली होती. नवऱ्याच्या नोंदी मार्लूसच्या स्क्रीनवर जाव्यात असं तिला वाटत नव्हतं.

मेंदूचे फोटो डिसेंबरात काढले, उत्तर जानेवारीत मिळालं. मधल्या काळात एक नोव्हेंबर येऊन गेला. त्याच्या आदल्या दिवशी तिनं कीर्तीला फोन केला.

"मी उद्या येत नाही."

"बोललीस का त्याच्याशी? काही बदललं का?"

"बदललं ते मागेच. मला आत्ता कळलं." आणि मग तिनं सगळं सांगितलं.

"योगिनी, तू इतकी वर्षं सोसलंस ते खोटं नाही ना," कीर्ती म्हणाली. "आजार असला म्हणून ते सोसलेलं परत मिळत नाही."

"नाही मिळत."

"खोली राहू दे तशीच. मी कुणाला देणार नाही."

"दे," योगिनी म्हणाली. "ती रिकामी आहे हे मला माहीत असलं तर माझ्यानं इथे राहवणार नाही."

टिलबर्गच्या न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी जानेवारीत स्क्रीनवर फोटो दाखवले. मेंदूचा पुढचा भाग आणि कानाजवळचा भाग आक्रसला होता. त्या शांतपणे, थांबत थांबत बोलत होत्या. औषध नाही. आहार सांभाळायचा, गोड कुलपात ठेवायचं, वजनावर लक्ष ठेवायचं, म्हणजे बाकीची दुखणी तरी लांब राहतील. मग त्यांनी विचारलं, "हे कधीपासून सुरू झालं असं तुम्हाला वाटतं?"

हा प्रश्न येणार हे योगिनीला माहीत होतं. आदले दोन दिवस ती त्यासाठी फोनमधले जुने निरोप आणि फोटो चाळत होती. आई गेली तेव्हापासून, असं तिला आधी वाटलं होतं. पण त्याच्याही आधी तिच्या मैत्रिणीच्या, संध्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. तिथे हेमचंद्रनं एका लहान मुलीच्या ताटातला गुलाबजाम उचलून खाल्ला होता. संध्यानं दुसऱ्या दिवशी हसण्याचं चित्र टाकून निरोप पाठवला होता, भावोजींना गुलाबजाम फारच आवडले वाटतं. त्याच्याही आधी लॉकडाउनमध्ये ती तापानं फणफणली होती, आणि तो वरच्या खोलीत कॉलवर बसून राहिला होता, दोन दिवस. तेव्हा तिनं त्याच्याशी महिनाभर अबोला धरला होता. तो आजार होता की तोच होता? त्याच्याही आधी, भार्गवी दहावीएवढी असताना, लग्नाच्या वाढदिवशी तो ऑफिसातून आलाच नव्हता. तिथे तिनं फोन बंद केला. असं मागे जात राहिलं तर लग्नापर्यंत पोचू, आणि खरा हेमचंद्र कोणता ते कधीच कळणार नाही.

"दोन वर्षं तरी," ती म्हणाली. "कदाचित पाच. मला नक्की सांगता येत नाही."

न्यूरॉलॉजिस्टनं दोन लिहिलं.

हेमचंद्रनं सगळं ऐकलं होतं. "मग मी मार्चमधलं डिझाइन पूर्ण करू शकेन का?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. नाही, असं बाई म्हणाल्या. त्यानं मान डोलावली. दोघं बाहेर आली तेव्हा पार्किंगमध्ये तो क्षणभर थांबला, गाडीची किल्ली तिच्या हातात दिली आणि स्वतःहून उजव्या बाजूला, तिच्या नेहमीच्या जागेवर जाऊन बसला. आता आपण गाडी चालवायची नाही, हे त्याला समजलं होतं, आणि ते त्यानं एक शब्दही न बोलता केलं होतं. योगिनी घरापर्यंत रडत गाडी चालवत आली. तो खिडकीबाहेर बघत होता.

कंपनीनं त्याला आजारी रजेवर पाठवलं. मित्र आधी यायचे, मग निरोप पाठवायला लागले. खेमेंटेची, म्हणजे नगरपालिकेची बाई घर बघून गेली आणि आठवड्यातले तीन दिवस त्याची सोय करू म्हणाली. योगिनीनं कपाटांना कुलपं बसवली. पहिल्याच आठवड्यात त्यानं एक उचकटलं, अगदी व्यवस्थित, स्क्रू काढून ओळीनं मांडून ठेवून.

भार्गवीला योगिनीनं आजाराचं सांगितलं होतं, बाकीचं नाही. ते तिला कीर्तीच्या मुलाकडून कळलं. एप्रिलमधल्या एका रविवारी ती दुपारच्या ट्रेननं घरी आली. बाबा टेबलाशी दहीभात खात होते. लहानपणापासून भार्गवीला मराठी सगळं समजायचं, पण बोलायची ती इंग्रजीत. आजही तशीच बोलली.

"तू जाणार होतीस."

"हो."

"आणि ते आजारी आहेत म्हणून थांबलीस."

"हो."

"नसते तर?"

योगिनीनं हेमचंद्रकडे पाहिलं. तो भातात साखर मिसळत होता. आता त्याच्यासमोर काहीही बोलता येतं, याची तिला इतक्यात सवय झाली होती आणि त्याची तिला शरम वाटली. "नसते तर गेले असते," ती म्हणाली. "तुझ्याशी खोटं बोलणार नाही."

भार्गवी खुर्चीवर बसली. कोट अजून अंगातच होता. "मला युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळाली तेव्हा मी धावत येऊन बाबांना सांगितलं होतं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. ते बाबा होते की हा आजार होता?"

"माहीत नाही गं."

"डॉक्टरांना विचार ना."

"त्यांनाही माहीत नाही. मी जी तारीख सांगितली ती त्यांनी लिहिली."

"मग तू थोडी आधीची सांगायचीस," भार्गवी म्हणाली आणि तिचा चेहरा वाकडा झाला. "माझी ॲडमिशन तरी त्यात बसली असती."

योगिनीनं उठून तिला जवळ घेतलं. हेमचंद्रनं ताट संपवलं, दोघींच्या बाजूनं जाऊन ते सिंकमध्ये ठेवलं आणि फ्रिजच्या कुलपापाशी जाऊन उभा राहिला. दोन मिनिटांनी भार्गवीच उठली. तिनं किल्ली मागून घेतली, एका वाटीत थोडं फ्ला ओतून त्याला दिलं आणि त्याच्या शर्टावर सांडलेला भात ओल्या फडक्यानं पुसला. तो पुसून होईपर्यंत हात वर धरून उभा राहिला.

मेच्या शेवटी त्याला जागा मिळाली. बेस्टच्या बाहेर एका शेतावर अशा माणसांना दिवसभर सांभाळतात. कोंबड्यांना दाणे टाकायचे, सफरचंदं सोलायची, बटाटे निवडायचे. पहिल्या दिवशी योगिनी त्याच्याबरोबर गेली. लांब टेबलाभोवती बसलेले बाकीचे सगळे त्याच्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे होते. एका आजोबांनी त्याच्याकडे बघून हात केला. हेमचंद्र रिकाम्या खुर्चीवर बसला. समोर बटाट्यांची टोपली ठेवल्यावर त्यानं ते आकारानुसार तीन ओळींत लावायला सुरुवात केली. तिथली बाई योगिनीला हळूच म्हणाली, "आता निघा तुम्ही. निरोप घेत बसू नका, त्याचा उपयोग होत नाही."

ती बाहेर आली. सायकलपाशी उभं राहून तिनं भार्गवीला फोन लावला.

"बसले का?" भार्गवीनं विचारलं. हे तिनं मराठीत विचारलं होतं.

"बसले. बटाटे निवडताहेत."

"तुला काही म्हणाले निघताना?"

"नाही."

फोनमधून टिलबर्गच्या स्टेशनवरची घोषणा ऐकू येत होती.

"मी शुक्रवारी येते," भार्गवी म्हणाली.

योगिनीनं फोन पर्समध्ये टाकला आणि सायकलचं कुलूप काढलं. आइंडहोवन तिथून नऊ किलोमीटर होतं, आणि वारा समोरून येत होता. साडेनऊला तिला कामावर पोचायचं होतं.